संपादकीय : शिक्षकांच्या ऋणाची पोच



 स्मरणिकेचा अंक घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी कोणते पान उघडले जाते, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. ते पान गुणवंत विद्यार्थ्यांचे. काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेली आपली मुले-मुली, त्यांच्या विद्यापीठांची नावे, पदव्या, पारितोषिके आणि खाली कृतार्थ आई-वडिलांची नावे. हे पान पाहताना कोणाचाही ऊर भरून यावा. परंतु यंदा त्याची जुळणी करताना एक उणीव मनाला बोचली. या मुलांना शिकविले कोणी, याचा त्या पानावर एका शब्दानेही उल्लेख नसतो.

हे विस्मरण आपल्याला शोभणारे नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे १९३० मध्ये त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी आपले जीवनातील उत्तम स्नेही कोण, हे सांगितले. काही सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन व रॉबिन्सन हे प्राध्यापक, असे ते उत्तर होते. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला आले, तेव्हा जॉन ड्यूई यांना भेटण्याची त्यांना ओढ होती. पण १ जून रोजीच ड्यूई निवर्तले होते. आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे ऋण त्यांच्याकडे आहे, असे बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्रातून हळहळून कळविले. आपल्या ग्रंथांतून आणि भाषणांतून त्यांनी हे ऋण यापूर्वीच जाहीर केले होते. तरीही प्रत्यक्ष भेट राहून गेली ती गेलीच.

शिक्षकाचे ऋण वेळेत व्यक्त व्हावे, यासाठी आपण राहतो त्या देशातील विद्यापीठांनी एक रीत पाडली आहे. ती म्हणजे उत्कृष्ट अध्यापनाची पारितोषिके. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असे पारितोषिक १९५९ पासून दिले जाते. कोलंबियात मार्क व्हॅन डोरेन यांच्या नावाचे पारितोषिक १९६२ पासून आहे. त्याचा विशेष असा, की निवड विद्यार्थ्यांची समिती करते आणि त्यासाठी समितीचे सदस्य प्राध्यापकांच्या वर्गात जाऊन बसतात. आमच्या वैद्यकीय क्षेत्रात अल्फा ओमेगा अल्फा या संस्थेने १९८८ पासून रॉबर्ट ग्लेझर यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान सुरू केला. मूलभूत विज्ञाने शिकविणारे आणि रुग्णशय्येजवळ शिकविणारे, अशा दोन्ही प्रकारच्या अध्यापकांना तो मिळतो.

अशा पारितोषिकांची गरज का भासावी? कारण येथील मोठ्या विद्यापीठांत बढती आणि कायमपद यांचा काटा संशोधनाकडे झुकलेला असतो. शोधनिबंध मोजता येतात, अनुदानाच्या रकमा मोजता येतात. एखाद्या गोंधळलेल्या मुलीला रसायनशास्त्र उमगले, तो क्षण कोणत्याही तक्त्यात बसत नाही. तरुण प्राध्यापकाला अध्यापनाचे पारितोषिक मिळाले की त्याचे कायमपद हुकले म्हणून समजा, असा उपहासही विद्यापीठांच्या आवारात ऐकू येतो. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली आपल्या गाजलेल्या अहवालात अध्यापन हेही विद्वत्तेचेच एक अंग मानावे, असा आग्रह धरला होता. त्याला तीन दशके उलटून गेली, तरी काटा फारसा हललेला नाही.

पारितोषिकांवर आक्षेपही आहेत आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिला आक्षेप असा, की एका प्राध्यापकाच्या गळ्यात पदक घालून विद्यापीठ उरलेल्यांची उपेक्षा झाकते. अमेरिकेतील सुमारे दोन तृतीयांश महाविद्यालयीन अध्यापक आज कायमपदाच्या वाटेबाहेर, कराराने किंवा तासिकांवर काम करतात. त्यांना पदकाआधी नोकरीची शाश्वती हवी आहे. हे म्हणणे रास्त आहे.

दुसरा आक्षेप आपल्याला अधिक जवळचा आहे. सत्राच्या अखेरीस विद्यार्थी जे मूल्यांकनपत्रक भरतात, त्यावर कितपत विसंबावे? अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत विद्यार्थ्यांची वाटणी प्राध्यापकांकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे होते. तेथील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वर्गात प्रारंभिक गणिताचे गुण चांगले पडले, त्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी वाखाणले. परंतु त्यांचेच विद्यार्थी पुढच्या अवघड वर्गांत मागे पडले. २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात संगणकावरून शिकविणाऱ्या अध्यापकांची नावे बदलून पाहण्यात आली. शिकविणारी व्यक्ती तीच असूनही स्त्रीचे नाव दिसले की गुण घटले.

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य प्राध्यापक आपल्याला काय शिकविणार, अशी तेथील विद्यार्थ्यांची सुरुवातीची भावना होती, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे त्याच वर्गात इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊन बसू लागले. पहिल्याच आठवड्यात त्या मुलांच्या हाती मूल्यांकनपत्रक दिले असते तर त्यांनी काय लिहिले असते, याची कल्पना आपण करू शकतो. आज आपल्या समाजातील काही तरुण-तरुणी येथील विद्यापीठांत शिकवीत आहेत. त्यांचे अपरिचित आडनाव आणि वेगळे उच्चार यांनाही अशाच घाईच्या निवाड्याला तोंड द्यावे लागते.

मग काय करावे? पारितोषिकेच मोडीत काढावीत, असे आम्हांला वाटत नाही. येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या अध्यापन-पारितोषिक समितीवर मी काही वर्षे काम केले आहे. आमच्यापुढे आकड्यांचे तक्ते येत, तशी विद्यार्थ्यांची पत्रेही येत. ‘अत्यंत प्रेरणादायी’, ‘सर्वांचे लाडके’ असली पत्रे वाचून काही हाती लागत नसे. पण एका विद्यार्थ्याचे पत्र अद्याप आठवते. रुग्णाच्या हृदयातील मर्मर सर्वांना ऐकू आल्याचे सर्वांनी सांगितले. हा मुलगा मात्र म्हणाला, की मला ऐकू येत नाही. डॉक्टरांनी त्याला रागे भरले नाही. त्यांनी त्याच्याच स्टेथोस्कोपची जागा बदलली, रुग्णाला कुशीवर वळविले आणि ऐकू येईपर्यंत थांबले. मग बाहेर आल्यावर सर्वांसमोर म्हणाले, की आज सर्वांत उपयोगी उत्तर याचे होते. या एका परिच्छेदाने त्या शिक्षकाविषयी आम्हांला जे कळले, ते कोणत्याही सरासरीतून कळले नसते.

जॉन्स हॉपकिन्स येथे विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रुग्णशय्येपाशी नेणारे विल्यम ऑस्लर यांनी म्हटले होते, की आपल्या थडग्यावर आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकविले एवढेच लिहिले तरी पुरे. त्या मुलाच्या पत्राने त्याच परंपरेची साक्ष दिली.

ते पत्र वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही, याचे कारण वेगळे होते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून मी थेट वैद्यकीय महाविद्यालयात गेलो, तेव्हा पहिले वर्ष मी शेवटच्या बाकावर मुक्याने काढले. एका परीक्षकाने तोंडी परीक्षेत आडनाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्नच विचारला नाही. त्याच महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकविणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला पाच वाजल्यानंतर थांबायला सांगितले. वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर मूत्रपिंडातील नेफ्रॉन काढला आणि म्हणाल्या, ‘आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत सांग.’ दोन महिने हा क्रम चालला. आज मी मूत्रपिंडाच्या विकारांचा तज्ज्ञ म्हणून ओळखला जातो. कामाच्या धबडग्यात त्यांना पत्र लिहायचे राहून गेले. अनेक वर्षांनी त्यांचा पत्ता शोधीत गेलो, तेव्हा दार उघडणाऱ्या त्यांच्या मुलाने सांगितले, की आई जाऊन दोन वर्षे झाली.

म्हणून आमचे मागणे लहानसे आहे. आपल्या घरातील जे विद्यार्थी आज विद्यापीठात शिकत आहेत किंवा नुकतेच बाहेर पडले आहेत, त्यांनी या वर्षी एका शिक्षकासाठी शिफारसपत्र लिहावे. बहुतेक विद्यापीठांत अशी शिफारस करण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना असतो. आपली मुले मात्र संकोचाने तो वापरीत नाहीत. पत्रात विशेषणे थोडी असावीत. शिक्षकाने काय केले, ते कधी केले आणि त्यानंतर आपल्याला काय करता येऊ लागले, एवढे लिहावे. ज्या शिक्षकाने कमी गुण दिले पण विषय पक्का केला, त्याची आठवण आधी करावी. कराराने शिकविणाऱ्यांना तर विसरूच नये. अशी पत्रे त्यांना पुढच्या नोकरीसाठीही उपयोगी पडतात. पारितोषिक मिळो वा न मिळो, त्या पत्राची एक प्रत शिक्षकाला जरूर पाठवावी.

पालकांनाही एक विनंती. परीक्षेत किती गुण मिळाले, हे आपण दूरध्वनीवर विचारतोच. त्याबरोबर तुला चांगले कोण शिकविते आणि ते कसे शिकवितात, हेही विचारीत जावे. ज्या घरात शिक्षकाच्या कामाची अशी विचारपूस होते, त्या घरातील एखादे मूल उद्या अध्यापनाकडे वळण्याचा संभव अधिक. डॉक्टर आणि अभियंते यांची आपल्याकडे आता वाण नाही. प्राध्यापक अजून हवे आहेत.

पुढील वर्षापासून या स्मरणिकेतील गुणवंतांच्या पानावर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाखाली आई-वडिलांच्या नावांबरोबर त्याच्या आवडीच्या एका शिक्षकाचे नाव छापण्याचे संपादक मंडळाने ठरविले आहे. विद्यार्थ्यांनी छायाचित्राबरोबर ते नाव आणि कारणाची दोन वाक्ये पाठवावीत. ज्या शिक्षकांची नावे येतील, त्यांना अंकाची एक प्रत भेट म्हणून पाठविली जाईल. त्यांना मराठी वाचता येणार नाही, हे खरे; पण विद्यार्थ्याच्या छायाचित्राशेजारी आपले नाव आहे, एवढे त्यांना नक्कीच समजेल.

आपणा सर्वांना सस्नेह जयभीम!

— संपादक