कंडक्टर शिवाजीराव
यशाच्या हिशेबात दैवाच्या खाती किती आणि परिश्रमाच्या खाती किती रक्कम मांडावी, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी बंगळूरच्या शिवाजीराव गायकवाडांचे चरित्र अवश्य पाहावे. १९५० साली या शहरातील मराठी कुटुंबात जन्मलेला, बालपणीच मातृछत्रास मुकलेला आणि पुढे येथील बसगाड्यांवर कंडक्टरची नोकरी करणारा हा तरुण, मद्रासला अभिनयाचे शिक्षण घेत असता के. बालचंदर यांच्या दृष्टीस पडला व १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटातून रजनीकांत या नावाने पडद्यावर आला. ती दृष्टी पडणे हे निःसंशय भाग्य. परंतु मातृभाषा नसलेली तमिळ आत्मसात करण्याचे कष्ट त्यांचे स्वतःचेच. तथापि, दैव आणि उद्योग यांच्या या वादात मित्राच्या आग्रहाची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही, हे मला मोठे अन्यायाचे वाटते. रजनीकांतांनी ती केली: २०२१ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना गुरू बालचंदर आणि बंधू सत्यनारायणराव यांच्याबरोबरच, आपल्यातील नट ओळखून आपल्याला चित्रपटाकडे वळविणाऱ्या बसचालक मित्र राजबहादूर यांनाही त्यांनी तो अर्पण केला.