घारापुरीच्या लाँचला एसटी समजा

थंडी पडली की शनिवार-रविवारी गेटवेवर घारापुरीसाठी रांगा लागतात. शाळांच्या सहली, गावाहून आलेले पाहुणे, परदेशी मंडळी, नवीन लग्न झालेली जोडपी. तासाभराचा प्रवास, वरच्या डेकवर बसायचे थोडे जादा पैसे, सीगलना कुरकुरे (तेवढं प्लीज बंद करा), लेणी, फोटो, कणीस आणि संध्याकाळी परत. सोमवारी लेणी बंद. बहुतेक मुंबईकरांना घारापुरी एवढीच माहीत आहे.

पण मंडळी, आज लेण्यांबद्दल लिहायचं नाहीये. लिहायचंय ते तिथे नेणाऱ्या लाँचबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे: ती लाँच आपण सहलीची गोष्ट समजतो आणि सरकारही तसंच समजतं. ती सार्वजनिक वाहतूक आहे. एसटीला, लोकलला जे नियम आणि जी जबाबदारी लागते, ती तिलाही लागली पाहिजे.

का, ते सांगतो.

घारापुरी हे दोन डोंगरांचं बेट आहे, मध्ये दरी. प्रशासनाच्या हिशोबात ते मुंबईत येत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत, हजार-बाराशे माणसं राहतात. पर्यटकांना रात्री राहायची परवानगी नाही, त्यामुळे शेवटची लाँच सुटली की बेट पुन्हा गावकऱ्यांचं होतं. आणि त्यानंतर कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला साप चावला, कुणाचं बाळंतपण अडलं, तर पाणी ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही. कॉलेजला जायचं तरी पाणी, बँकेत जायचं तरी पाणी, तहसीलला जायचं तरी पाणीच. गावकरी गेटवेकडे जातात तसे न्हावा-उरणच्या बाजूलाही जातात. समुद्र खवळला की सगळंच थांबतं.

या बेटाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली १९८७ मध्ये. गावात कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. म्हणजे जगाने दखल घेतल्यावर तीस वर्षं माणसं जनरेटरच्या चार तासांवर जगली, समोर मुंबईचा झगमगाट बघत. दगडाच्या सदाशिवाची काळजी सगळ्यांना, पायथ्याशी राहणाऱ्या जित्या माणसांची पाळी शेवटी. लाँचच्या बाबतीत आजही तेच चाललंय.

आता १८ डिसेंबर २०२४ आठवा. दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीड बोट आदळली. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. १५ जण गेले, त्यात लहान मूलही होतं. लाँचवर शंभराहून जास्त माणसं होती, परवान्यापेक्षा जास्त, असं नंतर बातम्यांत आलं. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. वाचले ते बरेचसे आजूबाजूच्या बोटींनी धाव घेतली म्हणून.

धडक देणाऱ्याची चूक वेगळी, तिची चौकशी नौदल आणि पोलीस आपापल्या परीने करणार. पण लाँचवर किती माणसं आहेत हे धक्क्यावरून सुटतानाच कुणाला तरी माहीत असायला हवं होतं की नाही? विमान सोडा, साध्या एसटीच्या कंडक्टरलाही आपल्या गाडीत किती सीट आहेत ते ठाऊक असतं. अपघातानंतर जॅकेटची सक्ती झाली. चांगलं झालं. पण जॅकेट हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीचे चार उपाय कुठे आहेत?

इथे मला हाँगकाँगचं लामा बेट आठवतं. तेही डोंगराळ, महानगराच्या समोर, बोटीने अर्ध्या तासावर. सर्वात उंच शिखर साडेतीनशे मीटरचं. बेटावर मोटारी नाहीत. सुट्टीच्या दिवशी शहरातले लोक डोंगर चढायला आणि मासे खायला तिथे जातात. १ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री, राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बघायला निघालेली 'लामा ४' ही बोट आणि नेहमीची प्रवासी फेरी यांची लामाजवळ टक्कर झाली. ३९ माणसं मेली.

पुढे काय झालं ते बघा. त्याच महिन्यात न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. सुनावणी जाहीर झाली. एप्रिल २०१३ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. त्यात फक्त 'चालकाची चूक' लिहून विषय संपवला नाही. बोटीत पाणी अडवणारा एक दरवाजा मुळात बसवलेलाच नव्हता, तरी वर्षानुवर्षं तपासणीत बोट पास होत होती. लहान मुलांच्या मापाची जॅकेट नव्हती. हे सगळं बाहेर आलं. तपासणी करणाऱ्या खात्याचीही झडती झाली. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, मृतांच्या नातेवाईकांना त्यानंतरही कोर्टात वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. लामाची फेरी तिथे वाहतूक समजली जाते. परवाना सरकारचा, वेळापत्रक पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ठरलेलं, आणि बेटांच्या फेऱ्यांना परवडत नाही तिथे सरकार पैसे घालतं. त्यामुळे फेरी बुडाली की प्रश्न थेट सरकारला विचारला जातो.

"हाँगकाँग श्रीमंत आहे हो" असं कुणी म्हणेल. ठीक. मग कोचीला बघा. २०२३ मध्ये सुरू झालेली तिथली वॉटर मेट्रो बेटांवरच्या लोकांसाठीच आहे. धक्का तरंगता, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारा, त्यामुळे म्हातारी बाईसुद्धा सरळ चालत बोटीत जाते. गेटमधून माणसं मोजून आत सोडतात, क्षमता भरली की गेट बंद. आणि आपल्या गेटवेवर? शेवाळलेल्या पायऱ्या, हलणारी लाँच, बऱ्याचदा एका लाँचमधून दुसरीत उडी, आणि खलाशाचा हात. तो हात धरला की आपण सुरक्षित, एवढीच आपली व्यवस्था.

लाँचवाल्यांना खलनायक करायचं नाही, हे स्पष्ट सांगतो. अपघाताच्या दिवशी मदतीला धावणाऱ्यांत तेच होते. पण ते व्यावसायिक आहेत. सीझनमध्ये दोन पैसे जास्त मिळवावेत असं त्यांना वाटणारच, आणि गर्दीलाही पुढच्या लाँचसाठी थांबायचं नसतं. म्हणूनच मोजणारा माणूस लाँचमालकाचा असून चालणार नाही. तो सरकारचा हवा.

"तिकीट महागेल" हा दुसरा आक्षेप. पर्यटकाचं थोडं महागलं तर महागू दे. लेणी बघायला परदेशी पाहुणा ६०० रुपयांचं तिकीट काढतोच. गावकऱ्याचा पास मात्र स्वस्त हवा आणि त्याचा फरक सरकारने भरावा. एसटीच्या सवलतींना पैसे मिळतात, बेटावरच्या माणसाने काय घोडं मारलंय?

तिसरं उत्तर नेहमी मोठ्या प्रकल्पाचं असतं. शिवडीहून समुद्रावरून आठ किलोमीटरचा रोपवे आपण किती वर्षं ऐकतोय. रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीवरून कुलाबेकर कोर्टात गेले. रोपवे व्हावा की नको, जेट्टी कुठे असावी, यावर वाद जरूर घाला. पण माणसं मोजायला रोपवे लागत नाही.

म्हणून मागण्या साध्या ठेवू या:

१. प्रत्येक लाँचवर क्षमता मोठ्या मराठी अक्षरांत बाहेरून रंगवलेली, आणि धक्क्यावर मोजणी करणारा सरकारी कर्मचारी. दोन्ही टोकांना.

२. लहान मुलांच्या मापाची वेगळी जॅकेट.

३. या पाण्यात नौदल, बंदर, तेलवाहू जहाजं, मांडव्याच्या बोटी आणि मासेमारी सगळं एकत्र चालतं. प्रवासी मार्गाजवळ चाचण्या नकोत, आणि कोण कुठून जाणार हे ठरवणारी एकच जबाबदार यंत्रणा हवी.

४. 'नीलकमल'च्या सगळ्या चौकशांतून काय निघालं आणि त्यातलं काय अमलात आलं, ते मराठीत, धक्क्यावर लावलेलं.

५. घारापुरीकरांसाठी सवलतीचा पास आणि रात्री-अपरात्री रुग्ण नेणारी कायमची बोट.

आणि आपण काय करायचं? पुढच्या वेळी लाँच भरलेली दिसली तर चढू नका, "ॲडजस्ट होईल" म्हणू नका. जॅकेट फोटो काढून झाल्यावर काढून ठेवू नका. वर गेल्यावर गावातल्या बायकांकडून काकडी-कैरी घ्या आणि त्यांना विचारा, इथून दवाखान्यात कसं जाता? त्या जे सांगतील ते खाली कमेंटमध्ये लिहा. आपले आमदार-खासदार इथे वाचतात. त्यांना टॅग करा.