मध्यरेषेवरील निर्णय : पंचांची आणि नियमांचीही कसोटी

छत्रपती संभाजीनगर (प्रतिनिधी) - चौघांच्या पकडीत सापडलेला चढाईपटू मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर कोसळतो, दम न सोडता हात पुढे सरकवतो आणि त्याच क्षणी शिट्टी वाजते. बोट रेषेला आधी लागले की दम आधी सुटला? तो बाद ठरला तर प्रतिस्पर्ध्यांना एक गुण मिळतो. रेषा गाठली असेल, तर त्याला धरणारे चौघेही बाद होतात. बोटभर अंतराने पाच गुणांची उलथापालथ करणारा कबड्डीतील हा निर्णय पंचांसाठी सर्वांत अवघड मानला जातो.

अशा निर्णयांवरून होणाऱ्या वादात दोष बहुधा पंचांच्या नजरेला दिला जातो. प्रत्यक्षात नियमांतील संदिग्धता तितकीच जबाबदार असते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथे दिसून आले. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या पुरुष गटातील अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत होते. सामना संपण्यास जेमतेम एक मिनिट उरले असताना कर्णधार पवन सेहरावत चढाईदरम्यान राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग तेथे गेले. स्पर्श झाल्याखेरीज राखीव क्षेत्र खेळात धरले जात नाही. जुन्या नियमानुसार अशा वेळी मागे गेलेले बचावपटूही बाद, तर प्रो कबड्डीत रूढ झालेल्या नियमानुसार केवळ चढाईपटू बाद. कोणता नियम लावायचा यावरच एकमत होईना. निर्णय फिरत राहिला आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे या सुवर्णविजेत्या संघात होते.

तेथे चित्रफीत उपलब्ध होती. कोण कोठे गेले हे वारंवार पाहता येत होते. तरीही वाद मिटला नाही, कारण कॅमेरा घटना दाखवतो, नियम ठरवत नाही.

झटापट सुरू झाल्यावर पंचांना एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. चढाईपटूचा दम टिकला आहे काय, त्याचे तोंड दाबले गेले काय, पायांची कैची घातली गेली काय, हे पाहायचे. शरीराचा काही भाग मैदानाबाहेर टेकला असला, तरी दुसरा भाग आतील जमिनीला टेकलेला असल्यास झटापटीत खेळाडू बाद ठरत नाही. अंगांचा ढीग पडलेला असताना हे ओळखणे सोपे नाही. सरपंच, दोन पंच आणि रेषेवरील सहायक यांनी जागा नेमक्या घेतल्या नाहीत, तर निर्णायक हात कोणालाच दिसत नाही.

रग्बीतही अशीच अडचण येते. गोलरेषेच्या अलीकडे पाडलेल्या खेळाडूला तत्काळ हात लांबवून चेंडू रेषेपलीकडे टेकवण्याची मुभा आहे. पण 'तत्काळ' म्हणजे किती, हे पंचाला क्षणार्धात ठरवावे लागते. मोठ्या सामन्यांत टीव्ही पंच मदतीला असतो.

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापासून तालुक्याच्या मातीच्या मैदानांपर्यंत होणाऱ्या शालेय व जिल्हास्तरीय सामन्यांत मात्र सहसा अशी सोय नसते. आणि तेथे पणाला लागते ते केवळ चषक नव्हे. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राकडे जाणारी वाट जिल्ह्याच्या संघातूनच सुरू होते. ग्रामीण भागातील मुलाच्या दृष्टीने मध्यरेषेवरील एक चुकीची शिट्टी वर्षभराची संधी हिरावून घेऊ शकते.

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. राखीव क्षेत्राचा कोणता नियम लागू राहील, हे सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना सांगून लेखी नोंदवता येईल. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना साधे मोबाईल कॅमेरे लावता येतील. पंचांच्या परीक्षेत नियमांच्या पाठांतराबरोबर झटापटीच्या चित्रफितींवरील निर्णयांचाही समावेश करता येईल. हांगचौला तासाभराने का होईना, निकाल लागला. तालुक्याच्या मैदानावर तेवढा वेळ कोणी थांबत नाही. तेथे पहिली शिट्टी हाच अंतिम निकाल असतो.