पट्टा सीटखाली कोंबून काय उपयोग?

गावात उभा ट्रॅक्टर दिसला की मी आधी त्याची सीट बघतो. बहुतेक ठिकाणी फाटक्या गादीवर पोतं टाकलेलं, सीट सरकवायचा दांडा गंजून बसलेला आणि पट्टा असलाच तर गुंडाळून सीटखाली कोंबलेला! टेपला अन् गोंड्यांना आपल्याकडे पैसे असतात, पण चालक दिवसभर जिथं बसतो त्या जागेकडे लक्ष नसतं.

"साहेब, पट्टा बांधला तर उलटताना उडी कशी मारायची?" असं लोक विचारतात. पण उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचललं, की तो एक-दीड सेकंदात मागे पालथा होऊ शकतो. तेवढ्यात उडी मारणं कुणाच्या हातात नसतं.

मात्र एक नियम पक्का ध्यानात ठेवा. कंपनीची लोखंडी सुरक्षा कमान असेल तरच पट्टा बांधायचा. कमान चालकाची जागा राखते, पट्टा चालकाला त्या जागेत धरून ठेवतो. कमान नसेल तर पट्टा बांधू नका, नाहीतर ट्रॅक्टरखाली अडकाल. उन्हासाठी लावलेलं छत म्हणजे कमान नव्हे. द्राक्षबागेत मांडवाखाली दुमडती कमान खाली घ्यावी लागते, तेवढा वेळ पट्टा सोडा. बाहेर आल्याबरोबर कमान उभी करा, खीळ घाला आणि पट्टा बांधा. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरना कमान सक्तीची केली. पुढे तिथं ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू खूप घटले.

आता सीटचं बघू. सकाळी बाप आणि दुपारी पोरगा चालवत असेल, तर दोघांनीही बसण्यापूर्वी सीट आपापल्या मापाला लावावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. वजनाचा नॉब असेल तर तो आपल्या वजनाला जुळवा. दांडा खाचेत बसला का, हे सीट हलवून बघा. हे सगळं ट्रॅक्टर उभा असतानाच करायचं.

पट्टा पोटावरून नको, कमरेच्या हाडांवरून घट्ट घ्या. मळला तर साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा. बक्कलातली माती काढा, बोल्ट आवळा. कडा झिजल्या, शिवण उसवली किंवा बक्कल धरेना, तर पट्टा बदला. गाठ मारून किंवा घरी शिवून चालणार नाही. एकदा ट्रॅक्टर उलटला, तर पट्टा आणि कमान दोन्ही बदलून घ्यावीत.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना माझी विनंती आहे. ऊसतोड सुरू होण्यापूर्वी एक सकाळ गावातले सगळे ट्रॅक्टर चावडीपुढं बोलवा आणि सीट, कमान, पट्टा बघून घ्या. याला निधी लागत नाही की ठराव लागत नाही. घरी वाट बघणारी माणसं आहेत, एवढं कारण पुरेसं आहे.