पूयातून निघालेले न्यूक्लीन आणि आमचे अनुभवलेख

संमेलनात डीएनएचा विषय निघाला की चरकसंहितेच्या शारीरस्थानातील ‘बीजभागावयव’ हा शब्द हटकून पुढे येतो आणि टाळ्या पडतात. त्या शब्दामागील सूक्ष्म विचाराविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु तेवढ्यावरून डीएनए आपणांस ठाऊकच होते, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. तो पदार्थ प्रत्यक्ष हाती कसा आला, ही कथा आपल्या व्यवसायास अधिक उपयोगाची आहे.

१८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे, जुन्या गढीच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रीडरिख मिशर हा तरुण स्विस वैद्य काम करीत होता. ऐकू कमी येत असल्याने त्याने रुग्णपरीक्षण सोडून रसायनशास्त्राची वाट धरली होती. शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून तो पूयाने भिजलेल्या व्रणबंधनाच्या पट्ट्या मागवी. सडलेल्या पट्ट्या बाजूस टाकून उरलेल्यांतील श्वेतकण सोडियम सल्फेटच्या द्रावणाने धुऊन घेई. पुढे डुकराच्या जठरातील पाचक रसाने प्रथिने पचवून पेशींची केंद्रके वेगळी करी. त्यांतून निघालेला पदार्थ क्षारीय द्रावणात विरघळे, आम्ल घालताच साका धरी. पाचक रसास मात्र दाद देत नसे. त्यात स्फुरद भरपूर आढळला. हे प्रथिन नव्हे, असे ठरवून त्याने नाव दिले ‘न्यूक्लीन’. (व्रणोपचार करणाऱ्या आपणांपैकी किती जणांनी पूयाकडे टाकाऊ म्हणण्याखेरीज अन्य दृष्टीने पाहिले असेल?)

आमच्या मते महत्त्वाची गोष्ट यापुढची. लेख गुरू फेलिक्स होप्पे-झायलर यांच्याच नियतकालिकात छापावयाचा होता. शिष्य विश्वासाचा, तरीही गुरूंनी ते प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले. लेख १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मिशरने बाझेल येथे ऱ्हाइन नदीतील सॅमन माशांच्या शुक्रातून हाच पदार्थ काढला. १८८९ मध्ये आल्टमानने त्यास ‘न्यूक्लिक आम्ल’ म्हटले. हाच आनुवंशिकतेचा वाहक होय, हे एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले ते १९४४ मध्ये. मिशर तर १८९५ सालीच निवर्तला होता.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही सात रुग्णांवरील एका क्वाथाचा अनुभव छापून आणला होता. कोणी काही विचारले नाही, लेख लगेच छापला गेला. पुढे एका वैद्यमित्रांनी तोच क्वाथ दिला, गुण आला नाही. शोध घेता दिसले की आम्ही मात्रा लिहिली, पण भरड कोठली, किती जुनी आणि रुग्णाची अवस्था कोणती, हे लिहिलेच नव्हते. औषधविक्रेत्यांनी तो लेख वाचून क्वाथाची पाकिटेही बांधली होती, याची आम्हांस आजही लाज वाटते.

म्हणून या त्रैमासिकाच्या संपादक मंडळास आमची विनंती आहे की, कोणताही अनुभवलेख दुसऱ्या एका वैद्याने करून पाहिल्याखेरीज छापू नये, आणि फार्मसीचालकांनीही तोवर नवे पाकीट बांधू नये. विलंब होईल, काही लेखक रागावतील. आमचा पुढील लेख तयार आहे. तो संपादकांकडे न पाठविता आम्ही त्याच वैद्यमित्रांकडे पाठविला आहे.