परसबाग : पाडवा झाला, मेथी कधी?



पाडव्याला श्रीखंड झाले की फोन सुरू होतात, "मेथी टाकू का?" खिडकीबाहेर अजून बर्फाचा ढीग असतो, पण मन पोचलेले असते वाफ्यावर. म्हणून या अंकात पालेभाजी कधी पेरायची आणि कुठे, एवढेच.

आधी माझी चूक सांगते. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या ते एप्रिल महिन्यात. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत, शेजारी सगळे फ्रेंच बोलणारे. त्यांनी एकच गोष्ट मागितली, "मला एक वाफा दे." मला घाई झाली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी छान ऊन पडले, तशी गॅरेजच्या मागे सगळी मेथी टाकून मोकळी झाले. चार दिवसांनी पुन्हा बर्फ, मग चिखल. दोन आठवडे त्या रोज जाऊन बघत होत्या. शेवटी माती उकरली तर बी कुजलेले. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, आधी जमिनीला हात लावून बघायचा." मे महिन्यात पुन्हा पेरले, पण त्यांचा महिना फुकट गेला तो गेलाच.

तर हात कसा लावायचा? वीतभर खालची माती मुठीत दाबा. पाणी सुटले किंवा घट्ट गोळा राहिला तर थांबा. गोळा बोटाने सहज फुटला तर वाफा तयार. आपल्या लव्हालमध्ये हे बहुधा एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात होते. शेजाऱ्यांचे 'टेम्पो' (मालवाहू नव्हे, गाडीवरचे हिवाळी तंबू!) उतरले की आपणही फावडे काढावे.

जागा निवडायला सोपी खूण आहे. अंगणात बर्फ सर्वात आधी कुठे वितळतो ते बघून ठेवा. बहुतेक घरांत ती दक्षिणेच्या भिंतीलगतची जागा असते. भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. मात्र घर १९६० पूर्वीचे असेल तर जुन्या रंगातले शिसे भिंतीजवळच्या मातीत असू शकते. तिथे मातीची तपासणी करा किंवा दूर पेरा. ड्राइव्हवेच्या कडेलाही नको, हिवाळाभर टाकलेले मीठ तिथेच मुरते. लाकडी चौकटीत वीतभर उंच वाफा केला तर पाणी लवकर निथळते आणि माती लवकर तापते. पण २००४ पूर्वीच्या हिरवट, औषध मारलेल्या फळ्या वापरू नका, त्यात आर्सेनिक असायचे.

आता क्रम :

एप्रिल अखेर – मेथी, मोहरी आणि इथला स्पिनॅच. हलके दहिवर यांना चालते. स्वयंपाकघरातली मेथी उगवते. आधी दहा दाणे ओल्या कपड्यात ठेवून पाहा. सगळी एकदम न टाकता दर दहा दिवसांनी एक ओळ टाका. महिना-सव्वा महिन्यात जुडी हाती येते.

मेचा पहिला पंधरवडा – कोथिंबीर आणि शेपू. धने हलके रगडून दोन करा. थंड मातीत उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, धीर सोडू नका.

मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा – लाल माठ, तांदुळजा, अंबाडी. ही उन्हाची लेकरे, थंडीत नुसती खुरटतात. इथले जुने बागवाले ११, १२ आणि १३ मे या तीन 'बर्फाच्या संतां'चे दिवस गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढत नाहीत. आपणही त्यांचे ऐकावे.

पालकाचे कोडे पुष्कळ जणी विचारतात. आपला देशी पालक हा खरे तर बीटाच्या कुळातला, इथला स्पिनॅच वेगळा. स्पिनॅच लांब दिवसांत तुऱ्यावर येतो. पुण्यात सर्वात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, इथे जूनमध्ये पंधरा तास चाळीस मिनिटांचा. म्हणून स्पिनॅच एप्रिलमध्ये उरकावा, नाहीतर थेट ऑगस्टच्या मध्याला पेरावा. देशी पालक उलट कोवळेपणी गारठला की तुरा काढतो, तो मे अखेरीस टाकावा.

आणि हो, वाफ्यात आपोआप उगवणारी, कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी असणारी भाजी उपटून फेकण्याआधी नीट बघा. इथले लोक तिला 'शू ग्रा' म्हणतात आणि तण समजतात. आपण तिला चाकवत म्हणतो!

भारतातून बी आणायचा विचार असेल तर आधी कॅनडाच्या अन्न तपासणी खात्याचे नियम पाहा. विमानतळावर पुडी जप्त होण्यापेक्षा इथल्या वाणसामानाच्या दुकानातली मेथी बरी.

शेवटी एक विनंती. या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे आई-वडील येणार आहेत त्यांनी सगळे वाफे स्वतःच पेरून टाकू नयेत. एक वाफा रिकामा ठेवा आणि मेथीची पुडी त्यांच्या हातात द्या. कधी पेरायचे ते त्यांचा हात सांगेल.

पुढच्या अंकात कुंडीतला कढीपत्ता हिवाळ्यानंतर बाहेर कसा काढायचा ते पाहू. तोवर माती कोरडी होऊ द्या!