गाठीचे नाव आधी, कापाकापी नंतर

अभिनेते इरफान खान यांना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे २०१८ साली जाहीर झाले, तेव्हा हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकले. २९ एप्रिल २०२० रोजी ते गेले. मोठ्या माणसाचा मोठ्या नावाचा आजार, तो आपल्या वाडीवस्तीवर कशाला येतोय, असे म्हणून आपण तो विषय सोडून दिला. पण गाठ काही सातबारा बघून येत नाही.

युरोपातल्या हिशेबाप्रमाणे वर्षाला लाख माणसांत सहापेक्षा कमी जणांना होणारा कॅन्सर दुर्मिळ समजतात. असे प्रकार दोनशेच्या आसपास आहेत. एकेक घेतला तर क्वचितच दिसणारा. पण सगळे एकत्र मोजले तर तिकडे कॅन्सरच्या पाच रुग्णांत एकाला तरी असला दुर्मिळ प्रकार असतो. म्हणजे गाठ दुर्मिळ असली, तरी असे रुग्ण दुर्मिळ नाहीत. अडचण वेगळीच आहे. लाखात एखाद्याला होणारी गाठ तालुक्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकदा किंवा दोनदा पाहिलेली असते. ती चटकन ओळखता आली नाही तर त्यात त्यांचा दोष नाही. दोष तेव्हा होतो, जेव्हा ओळख पटण्याआधीच सुरी चालते.

माती परीक्षणाआधी खत नको

उसावर तांबेरा आहे की मावा, हे न बघता फवारणी केली तर पैसा जातो आणि पीकही जाते. गाठीचेही तसेच आहे. मांडीत, दंडात, पाठीत गाठ आली की "चरबीची असेल, काढून टाका" असे घरचेच म्हणतात. बहुतेक गाठी खरोखरच चरबीच्या आणि निरुपद्रवी असतात, म्हणून ते खपून जाते. पण थोड्या गाठी सार्कोमाच्या असतात. सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा जागी होणारा कॅन्सर. तो साध्या गाठीसारखा पोखरून काढला तर मुळे आत राहतात, गाठ पुन्हा येते, आणि पुढचे ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठे करावे लागते.

म्हणून एक नियम पाठ करा. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, वाढत असेल, खोल असेल, किंवा एकदा काढून परत आली असेल, तर ती कापायची घाई करू नका. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. यालाच बायोप्सी म्हणतात. "सुई टोचली की गाठ पसरते" ही गावोगाव पसरलेली भीती आहे. नीट केलेल्या बायोप्सीबाबत ती खरी नाही. सुई कुठून घालायची हे मात्र पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या विचारानेच ठरले पाहिजे.

आणि कुठेही, कितीही लहान गाठ काढली तरी ती तपासणीला गेलीच पाहिजे. दोन-तीन हजार वाचवायला ती बादलीत टाकून दिली, तर पुढे कुणालाच काही सांगता येत नाही. काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात. लॅबमध्ये त्याचा मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक बनतो आणि काचेच्या पट्ट्या, म्हणजे स्लाइड बनतात. मोठ्या हॉस्पिटलात गेलात की पहिला प्रश्न येतो, "ब्लॉक आणलाय का?" नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. लॅबकडे लेखी मागा, पोच द्या आणि सातबाऱ्यासारखा जपून ठेवा.

नाव कळले की औषध सापडते

नावासाठी एवढा अट्टहास कशाला, असे वाटेल. एक उदाहरण घ्या. जठरात किंवा आतड्यात होणारी जीआयएसटी नावाची दुर्मिळ गाठ असते. नेहमीची केमोथेरपी तिला दाद देत नाही. पूर्वी ऑपरेशनने निघाली नाही तर डॉक्टर हात टेकत. १९९८ साली जपानी संशोधकांना या गाठीत किट नावाच्या जीनमधला दोष सापडला, आणि २००२ पासून इमॅटिनिब ही गोळी तिच्यावर वापरात आली. पसरलेल्या गाठीचे रुग्णही त्या गोळीवर वर्षानुवर्षे जगू लागले. पण लॅबमध्ये किटची तपासणी झाली, तरच ही गोळी लिहिली जाते. गाठीला नुसते "पोटाचा कॅन्सर" म्हटले तर हाताशी असलेले औषध हातचे जाते.

या गोळीची दुसरी बाजूही आपल्या कामाची आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. पेटंटचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीच्या विरोधात उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी कोर्टाने पेटंट नाकारले आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. औषध परवडण्यासाठी लोक लढले. आता निदानही वेळेवर मिळावे, हे मागणे पुढचे आहे.

तीन खुणा घरात सांगून ठेवा

पहिली खूण. दहा ते वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा किंवा दंड दुखतोय, रात्री जास्त दुखतोय, सूज उतरत नाही. कबड्डीत मार लागला असेल म्हणून हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत बरे वाटले नाही तर एक्स-रे काढा. हाडाची गाठ वेळेत सापडली तर आता बहुतेक वेळा पाय वाचवून ऑपरेशन करता येते.

दुसरी. लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली फोटोत किंवा दिव्याच्या उजेडात पांढरी चमकते, किंवा अचानक तिरळेपणा येतो. ही डोळ्यातली गाठ असू शकते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत ती जास्त दिसते. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरी. महिनोन्‌महिने जुलाब, मधूनच चेहरा लालबुंद होणे, आणि पित्ताच्या गोळ्यांनी काहीच फरक नाही. न्यूरोएंडोक्राइन गाठ अशीच लपून राहते. अशी खूण दिसली म्हणजे कॅन्सरच आहे असे नाही, पण तपासणी टाळू नका.

उपचार सोसायचे कसे

निदान बरोबर झाले तरी कित्येक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या सलाईननंतर घरी बसतात. "औषधानेच माणूस खंगला" असे बोलले जाते. त्रास होतो हे खरे आहे. पण कोणता त्रास घरी सांभाळायचा आणि कोणत्या त्रासाला रात्रीच गाडी काढायची, हे कळले तर उपचार पुरे होतात.

सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. घरात थर्मामीटर ठेवा. या दिवसांत गोठ्यातले शेण काढणे, अनवाणी शेतात जाणे, फवारणी करणे बंद. पाणी उकळून, अन्न ताजे आणि शिजवलेले.

सार्कोमाला देतात त्या डॉक्सोरुबिसिन औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग आहे, घाबरू नका. पण आयफोस्फामाइड चालू असताना लघवीत रक्त दिसले, किंवा माणूस गुंगीत जाऊन बरळायला लागला, तर ताबडतोब कळवा. सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली तर सोसत बसू नका, नर्सताईंना त्याच क्षणी सांगा.

तोंड आले तर मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करा, तिखट बंद. जुलाब झाले तर ओआरएस. उलटीची गोळी उलटी होण्याआधी घ्यायची असते. इमॅटिनिब जेवणाबरोबर, ग्लासभर पाण्यासोबत घ्या. तिने डोळ्यांभोवती आणि पायावर सूज येते, पायात गोळे येतात. डॉक्टर ते सांभाळून घेतात, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बरे वाटले म्हणून तर नाहीच नाही. कुणी झाडपाल्याचा काढा सुचवला तर आधी डॉक्टरांना विचारा, काही काढ्यांनी औषधाचा असर बिघडतो.

आणखी एक, जे लाजेपायी कुणी विचारत नाही. काही औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येते. तरुण मुलाचे वीर्य उपचाराआधी साठवून ठेवता येते, मुलींसाठीही सोय असते. ते सुरुवातीलाच विचारायचे असते.

पुण्याला जाताना

आपल्याकडचा रुग्ण शेवटी पुण्याला जातो. तिथे १८६७ सालचे सरकारी ससून आहे, आणि धर्मादाय ट्रस्टची मोठी रुग्णालये आहेत. या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड बरोबर हवे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचे भाडे पूर्ण माफ आहे. एसटीतही सवलत आहे, आगारात चौकशी करा.

तिथे एक प्रश्न न बिचकता विचारा. "डॉक्टरसाहेब, आमची केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवणार का?" वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. दुर्मिळ गाठीत एकट्याच्या मतापेक्षा ते बरे. परळच्या टाटा हॉस्पिटलचे मत घेऊन सलाईन मात्र पुण्यात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात घेणे, असाही मार्ग डॉक्टरांशी बोलून निघू शकतो. दर वेळी मुंबईला घर हलवावे लागत नाही.

सलाईन जवळ, निदान लांब

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेही १८ रुग्णालयांतून तीन स्तरांवर कॅन्सर उपचार देण्याचे धोरण मंजूर केले. चांगलेच आहे. सलाईनसाठीचे हेलपाटे वाचतील. पण दुर्मिळ गाठीचा रुग्ण सलाईनच्या आधीच चुकतो, हे यात विसरता कामा नये. ग्रामीण रुग्णालयात काढलेला तुकडा आठवड्याच्या आत जाणत्या लॅबकडे पोचवण्याची आणि रिपोर्ट परत आणण्याची पक्की व्यवस्था नसेल, तर डे-केअरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला चुकीचेच औषध चढेल. दूध संकलन केंद्रातून रोज सकाळी नमुना डेअरीला जातो. मग माणसाच्या गाठीचा नमुना का जाऊ नये?

गावाच्या हातातही काही आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावली. नुसत्या या बोलण्याने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर डॉक्टरकडे येऊ लागल्या, हे पुढे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. तो आजार वेगळा होता, पण वाट हीच आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडाव्यात. वरच्या खुणा फलकावर लिहाव्यात. उत्पन्नाचा दाखला आजारी घराला आठवड्याच्या आत मिळेल हे पाहावे. आणि ग्रामीण रुग्णालयात काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला जाते का, हा प्रश्न ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारावा. आणि तुमच्या घरात कुणाला गाठ असेल, तर कापायची तारीख ठरवण्याआधी तिचे नाव विचारा.